बाँडिंग झालं नाही तिचं

“तिचं बाळाशी बाँडिंगच झालं नाही हो, बाई.” वजनाच्या रजिस्टरमध्ये आकडा लिहिता लिहिता सिस्टर अगदी सहज बोलून गेल्या. जानेवारीतली सकाळ होती. बाहेर बोचरी थंडी, आणि नवजात बाळांच्या त्या कक्षात मात्र वॉर्मरची कोरडी ऊब, स्पिरिटचा वास, कुठल्यातरी मॉनिटरची न थांबणारी टिकटिक. मी मागे उशी घेऊन खुर्चीत रेलले होते, पुढून उघडा गाऊन घालून, आणि छातीवर कातडीला कातडी लावून माझा नातू निजला होता. तेहतिसाव्या आठवड्यातच आलेला, वजन १६५० ग्रॅम. लेकीचं सिझेरियन झालेलं, त्यात ताप, म्हणून दिवसातले काही तास ‘कांगारू’ माझ्याकडे. सिस्टर बोलत होत्या ते पलीकडच्या वॉर्मरमधल्या लेकराच्या आईबद्दल. ऊसतोडीची बाई, विशीचीसुद्धा असेल-नसेल. फडातच कळा सुरू झाल्या, इथं येऊन बाळंत झाली, आणि चौथ्या दिवशी लेकरू सासूच्या हवाली करून परत फडावर गेली. सिस्टर वाईट नव्हत्या. सलग दोन पाळ्या करून त्यांचे डोळे लाल झाले होते आणि तरी त्या प्रत्येक बाळाला नाव ठेवल्यासारखं बोलायच्या, ‘आमचा पैलवान’, ‘आमची राणी’. मी एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. ‘बंध’ हा शब्द पोरांनी चुकीचा वापरला की भर वर्गात थांबवायची. त्या सकाळी मी नुसती मान हलवली.

ती हललेली मान पुढे कित्येक दिवस माझ्या डोक्यातून गेली नाही.

गंमत अशी की त्या आठवड्यात हा एकच शब्द मला तीन ठिकाणी भेटला. कक्षातला तरुण डॉक्टर परभणीकडचा. रात्री दोनला बाळाच्या पायात सुई घालताना त्याचा हात जराही कापायचा नाही. एकदा चहा घेता घेता म्हणाला, “मॅडम, माझा बाँड मार्चमध्ये संपतो.” सरकारी कॉलेजात शिकलेल्या डॉक्टरनं वर्षभर सरकारी सेवा द्यायची, तो बाँड. कागदावरची सही, आणि तिच्यापायी तो इथं बांधलेला. पण साडेतीन वाजता पलीकडच्या वॉर्मरमधल्या पैलवानाचा श्वास अडकला तेव्हा तो पाळी संपूनही गेला नव्हता, ते काही त्या कागदात लिहिलेलं नसणार. दुसऱ्या दिवशी फुटाणे खाताना माझ्या पुढच्या दाताचा कोपरा उडाला. दातांच्या डॉक्टर म्हणाल्या, “काही नाही, बाँडिंग करून टाकू.” निळं जेल लावलं, धुतलं, कसलासा द्रव चोपडला, निळा दिवा धरला, की दात पुन्हा आधीसारखा. ही युक्ती १९५५ ची, मायकेल बुओनोकोर नावाच्या दंतवैद्याची. रंग पक्का बसावा म्हणून कारखान्यात धातूचा पृष्ठभाग आधी आम्लानं तयार करतात हे त्याला ठाऊक होतं, तेच त्यानं दातावर करून पाहिलं. फॉस्फोरिक आम्लानं इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कवच, खरवडल्यासारखं होतं, त्यात डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात, तो द्रव, म्हणजे रेझिन, त्या भोकांत शिरतं आणि घट्ट होतं. म्हणजे इनॅमलपुरतं पाहिलं तर हे मुख्यतः धरून राहणं आहे, रसायनातलं जोडलं जाणं नव्हे. आणि गुळगुळीत दाताला काहीच चिकटत नाही, आधी आम्ल सोसावं लागतं. खुर्चीत तोंड उघडं ठेवून मी हाच विचार करत होते.

आमच्या विषयातला बंध या दोन्हींपेक्षा वेगळा. दरवर्षी अकरावीच्या वर्गात मी एक प्रश्न विचारायची: बंध तुटताना ऊर्जा बाहेर पडते की लागते? निम्म्याहून जास्त हात ‘बाहेर पडते’ला वर जायचे. त्यांच्या डोळ्यांपुढे दिवाळीतला सुतळी बॉम्ब असतो. काहीतरी फुटतं आणि उजेड होतो. खरं उलटं आहे. तोडायला ऊर्जा घालावी लागते, जुळताना ती बाहेर पडते. फटाक्यातला उजेडसुद्धा जुने बंध तुटल्याचा नसतो, त्यानंतर जास्त भक्कम बंध जुळल्याचा असतो. मग मी फळ्यावर तो वक्र काढायची. हायड्रोजनचे दोन अणू लांबून जवळ येतात, ऊर्जा उतरत जाते, आणि ७४ पिकोमीटरवर तळ गाठते. त्याहून जवळ ढकलाल तर दोन्ही केंद्रकं एकमेकांना रेटू लागतात आणि रेषा सरळ आभाळात जाते. गिल्बर्ट लुईसनं १९१६ मध्ये इलेक्ट्रॉनची जोडी वाटून घेण्याची कल्पना मांडली. तीही समजावताना मी म्हणायची, बाळांनो, दोन अणूंच्या मध्ये डिंक नसतो. मध्ये तिसरी वस्तूच नसते. तो वक्र मला आजही पाठ आहे. हात उचलला की आपोआप हवेत निघतो. शिकवताना कधी वाटलं नव्हतं की पुढे आपण एका वॉर्डात बसून हाच शब्द कुणा पोरीवर शिक्क्यासारखा मारलेला ऐकू आणि गप्प बसू.

पण गप्प बसण्याला कारण होतं. तो शिक्का माझ्यावरही होता. दुसऱ्या कुणी मारलेला नव्हे, माझा मीच.

१९९१ साली माझी लेक झाली तेव्हा मला झटके आले. रक्तदाब वाढला होता, पाय सुजले होते, आणि त्या काळी आमच्याकडे सुजलेल्या पायांना ‘गरोदरपणात असं होतंच’ म्हणायचे. पुढचं मला काही आठवत नाही. शुद्ध आली तिसऱ्या दिवशी, आणि लेक हातात आली पाचव्या दिवशी. दुपट्यात गुंडाळलेली, चेहरा लालबुंद, डोळे मिटलेले. आई म्हणाली, “बघ, तुझी आहे.” आणि मला काहीही वाटलं नाही. खरंच काही नाही. कुणाचं तरी मूल दोन मिनिटं धरायला दिल्यासारखं वाटलं. घसा कोरडा पडला होता आणि मला चहा हवा होता. आई रडत होती, मी चहाकडे बघत होते. हे मी तेव्हा कुणालाच सांगितलं नाही. दोन-तीन वर्षांनी एका मासिकात लेख वाचला: बाळ जन्मल्यावर पहिल्या काही तासांत आईचं आणि त्याचं नातं जुळतं, तो नाजूक काळ निसटला की निसटला. मासिक मिटून मी गादीखाली ठेवलं. लेक पलीकडे भातुकली मांडून बसली होती. पुढे ती रुसली, शाळेत रडली, सोळाव्या वर्षी दार आपटून आत गेली, की प्रत्येक वेळी मला गादीखालचं ते पान आठवायचं. पहिले पाच दिवस.

त्या लेखाचं मूळ मला फार नंतर, नोकरीच्या शेवटच्या वर्षांत सापडलं. मार्शल क्लाउस आणि जॉन केनेल, अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचे दोन बालरोगतज्ज्ञ. १९७२ मध्ये त्यांचा निबंध आला. त्यात आया किती? २८. त्यातल्या निम्म्यांना नेहमीच्या रिवाजाप्रमाणे बाळ दाखवून नेलं आणि पुढे दूध पाजण्यापुरतं आणून दिलं. उरलेल्या निम्म्यांना पहिल्या तीन दिवसांत मिळून १६ तास जास्त दिले. महिन्यानं पाहिलं तर जास्त वेळ मिळालेल्या आया बाळाला अधिक गोंजारत होत्या, डोळ्यांत डोळे घालून बघत होत्या. बस, एवढंच. यातून जगभर चांगलं काय झालं ते आधी मान्य करायला हवं. बाळंतिणीपासून मूल काचेआड ठेवण्याची शिस्त ढिली झाली, बाळ आईच्या खाटेशेजारी आलं, बापांना दारं उघडली. त्या दोघांना हवं होतं ते हेच. पण ‘आईला वेळ द्या’ या साध्या मागणीचं बघता बघता ‘वेळ चुकला तर आई अपुरी’ झालं. इतरांनी पडताळून पाहिलं तेव्हा असा घट्ट मुहूर्त काही सापडला नाही, आणि क्लाउस-केनेलनी स्वतःही पुढे आपला सूर मवाळ केला. दत्तक मुलांच्या आया तर केव्हापासून समोरच होत्या. त्यांना विचारायला कुणी गेलं नसावं. मवाळ झालेला सूर मात्र आमच्या मासिकापर्यंत पोचला नाही. निबंध वाचून झाला तेव्हा माझी लेक बत्तिशीला टेकली होती. २८ आया, आणि माझी जवळजवळ तीस वर्षं.

अजून एक साधी गोष्ट. दवाखान्यात आपण जे सरसकट ‘बाँडिंग’ म्हणतो, त्याचे अभ्यासक दोन भाग करतात. आईबापाला बाळाबद्दल वाटतं ते एक, आणि बाळाला आईबापाबद्दल वाटतं ते दुसरं. दुसऱ्यावर जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञानं हयात घालवली, आणि ते काही तासांत होत नाही, महिने घेतं. हे मोजायला वजनाच्या रजिस्टरात रकाना नसतो.

लेक दोन वर्षांची असताना आम्ही लातूर जिल्ह्यातल्या औशाला भाड्यानं राहत होतो. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र सरून पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. माझ्या वयाच्या इथल्या माणसाला पुढचं सांगायला नको. मला आवाज आठवतो, मालगाडी घराखालून गेल्यासारखा. मग एकदम मी अंगणात होते आणि लेक माझ्या काखेत होती, डोकं खाली, एक पाय माझ्या मुठीत. तिला कधी उचललं, दाराची कडी कधी काढली, काहीही आठवत नाही. चार दिवसांनी आम्ही शिक्षकमंडळी धान्य आणि चादरी घेऊन किल्लारीच्या बाजूला गेलो. भूकंपात जवळपास आठ हजार माणसं गेली होती. वास सांगत नाही. पण भिंती सांगते. अडीच-तीन फूट रुंदीच्या दगडी भिंती, ज्यांच्या भरवशावर माणसं उन्हाळ्यात गार निजायची, आणि वर मातीचं जड माळवद. काही घरांत लाकडी खांब तसेच उभे होते आणि भोवतीची भिंत तेवढी ढासळली होती. आमच्याबरोबर औशाचा एक म्हातारा गवंडी होता. ढिगाजवळ उकिडवा बसला आणि म्हणाला, “ह्या भितीला दोन तोंडं हाईत बाई. एक आतलं, एक भायेरचं. मधी नुसती भर. कुणी कुणाला धरलंच न्हाई.” आतून-बाहेरून घडीव दगड, मध्ये गोटे आणि माती, आणि दोन्ही तोंडांना आरपार धरणारा लांब दगड फारसा कुठं नाही. जमीन हलली तशी तोंडं फाकली, बाहेरचं बाहेर पडलं आणि आतलं झोपलेल्या माणसांवर. त्या आरपार दगडाला इंजिनिअर ‘बाँड स्टोन’ म्हणतात हे मला नंतर कळलं. दुरुस्तीच्या कामात पुढे उभ्या भिंतींना आरपार भोकं पाडून त्यांत सळई घालून काँक्रीट भरलं गेलं. तीसतीस वर्षं उभी असलेली भिंत, आणि तिच्यात बंध नंतर घातला. त्या भोकांकडे बघताना मला काय वाटलं होतं ते मला आत्ता, या वॉर्डात, नीट कळतं आहे.

पलीकडच्या बाळाची आजी दिवसभर भिंतीला टेकून बसायची. तिच्याशी माझं बोलणं सुरू झालं ते माझ्या डब्यातल्या बाजरीच्या भाकरीवरून. गेवराईकडची. आयुष्य ऊसतोडीत गेलेलं, आता कंबर गेली म्हणून कोपीवर राहून नातवंडं सांभाळायची. मी नातवाला छातीवर धरलेलं बघून म्हणाली, “आमच्याकडं म्हशीचं रेडकू मेलं तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून फुडं ठिवायचे. म्हस चाटायची आन् पान्हा सोडायची. समदं कळत आसंल का वं तिला? का कळूनबी चाटत आसंल?” या प्रश्नाचं उत्तर माझ्या एकतीस वर्षांत नव्हतं. पान्हा कसा फुटतो हे मात्र मला माहीत आहे. ऑक्सिटोसिन. अवघ्या नऊ अमिनो आम्लांची साखळी, आणि पहिल्या व सहाव्या कड्यातले गंधकाचे दोन अणू एकमेकांना धरून साखळीचं वेटोळं करतात. व्हिन्सेंट द्यू विन्यो यानं तिची रचना उलगडली, १९५३ मध्ये ती प्रयोगशाळेत घडवली आणि १९५५ चं नोबेल मिळवलं. तो गंधकाचा टाका उसवला तर औषधाचा गुणच जातो. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला हेच इंजेक्शन देतात. माझ्या लेकीला दिलं, त्या पोरीलाही दिलं असणार. म्हशी पिळायला गोठ्यागोठ्यांतून चोरून टोचतात तेही हेच. वर्तमानपत्रं याला ‘प्रेमाचं संप्रेरक’ म्हणतात, आणि या नावाचा पाया बऱ्याच अंशी एका उंदरासारख्या प्राण्यावर आहे, जन्माची जोडी करून राहणाऱ्या प्रेअरी व्होलवर. पण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात या प्राण्यांच्या जनुकात बदल करून ऑक्सिटोसिनचा ग्राहीच (पेशीवरची ते धरणारी जागा) काढून टाकला, आणि तरीही त्यांनी जोड्या केल्या, पिलं वाढवली. दूध मात्र त्या माद्यांना कमी आलं. म्हणजे पान्ह्याचं गणित पुष्कळसं उलगडलं आहे. चाटण्याचं नाही.

कांगारूचं तंत्रही मुळात गरिबीतून आलं. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात एद्गार रे सानाब्रिया या डॉक्टरकडे काचेच्या पेट्या कमी आणि अपुऱ्या दिवसांची बाळं जास्त होती, म्हणून त्यांनी बाळं आयांच्या छातीशी बांधली. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांत तीन हजारांवर बाळांचा अभ्यास झाला. बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मल्यावर लगेच छातीशी धरलं तर मृत्यू साधारण एक चतुर्थांशानं कमी होतात असं त्यात दिसलं. त्यातही आई नसेल तेव्हा घरातल्या दुसऱ्या कुणी धरायची सोय होती. याचा अर्थ एवढाच की ऊब, दूध, श्वास, जंतूंपासून बचाव. ‘तुझं प्रेम किती’ हे मोजायला कुणी बसलं नव्हतं. नातवाचा श्वास माझ्या हाडावर लागायचा. कधी थांबायचा, आणि माझाही थांबायचा, मग त्याचा सुरू झाला की माझा. चौथ्या-पाचव्या दिवसापासून मी नुसती खोलीत शिरले तरी माझी छाती तापल्यासारखी व्हायची. याला काय म्हणायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

एका रात्री लेकीचा ताप पुन्हा चढला आणि मी दवाखान्यातच थांबले. अकराच्या सुमारास रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर थांबल्याचा आवाज आला, भोंग्यावर मोठ्यानं गाणं लागलेलं, ते बंद झालं. पाच मिनिटांनी ती दारात. अंगावर नवऱ्याचा फुल बाह्यांचा सदरा, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल, केसांत पाचटाचे तुकडे. रात्रपाळीच्या सिस्टरनी काही न विचारता दार उघडलं. “ये गं. हात धू आधी.” ती कोपरापर्यंत हात धूत राहिली. दोन्ही हातांवर उसाच्या पानांचे कापलेले बारीक चरे, साबण लागला की ओठ दाबायची. सदऱ्याच्या पुढे दोन्ही बाजूंना ओले डाग पसरले होते. म्हणजे ती रोज येत होती. कारखान्याकडे मोळ्या घेऊन जाणाऱ्या ट्रॅक्टरवर बसून यायची, रिकाम्या परतणाऱ्यावर बसून पहाटे फडावर. दिवसपाळीला ती कशी दिसावी?

सासूनं मला नंतर हिशेब सांगितला. दोघा नवराबायकोचा मिळून एक कोयता. दसऱ्याआधी मुकादमाकडून उचल घेतलेली, ती घरावरच्या पत्र्यांत आणि नणंदेच्या लग्नात गेली. आता एक जण फडावर नसला की खाडा, आणि खाड्याचे पैसे उलटे अंगावर. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा आहे. मी म्हणाले, चार दिवसांच्या बाळंतिणीला तरी… ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. लहान पोरानं भलतंच काही विचारलं तर आपण बघतो तसं.

ती पोर पैलवानाला छातीशी घेऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली. दूध पाजून झालं, उरलेलं वाटीत पिळून झालं, सिस्टरनी त्यावर वेळ लिहून ते फ्रीजमध्ये ठेवलं. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग तिनं हळूच विचारलं, “बाई, तुमी शाळा शिकवता म्हनं. ह्याला माझी वळख ऱ्हाईल का वं? दिवसा तर म्या नसते.”

त्या सकाळी हलवलेली मान आठवली. मी तिला सांगितलं की बाळ पोटात असल्यापासून आईचा आवाज ऐकत असतं. १९८० मध्ये अमेरिकेत दोन संशोधकांनी तीन दिवसांच्या आतल्या बाळांच्या कानाला हेडफोन लावून पाहिलं होतं. चोखण्याची लय बदलली की आईचा आवाज लागायचा, नाहीतर परक्या बाईचा, आणि ती एवढीशी बाळं आईचा आवाज लागावा म्हणून चोखण्याची लय बदलत होती. हे सगळं मी तिला सांगताना वर्गात सांगते तसं सावकाश सांगितलं. ती एकदाही मध्ये बोलली नाही. शेवटी म्हणाली, “म्हंजी बोलाय पायजे.”

“बोलायला पाहिजे.”

तिनं सिस्टरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि लाजली. मी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं. वॉर्मरची घरघर, कुठंतरी एक टिकटिक, आणि मग माझ्या डाव्या बाजूला, अगदी खाली, पाचटाचा वास आलेल्या अंधारात ती म्हणाली, “आले बरं का म्या. निजलास का रं?”